संथ फिरणाऱ्याचे वंगण

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



कवीला आकाशवाणीवर बोलावले की त्याने पावसावर, आईवर किंवा गेला बाजार मराठी भाषेच्या भवितव्यावर बोलावे अशी अपेक्षा असते. मी आज वंगणावर बोलणार आहे. वंगण म्हणजे तेल आणि ग्रीस. त्यातही सगळ्या यंत्रांच्या नव्हे, जी यंत्रे सावकाश फिरतात त्यांच्या वंगणावर. कारण असे, की मी मराठी घेऊन बी. ए. झालो आणि पोटासाठी एका साखर कारखान्याच्या स्टोअरमध्ये लागलो. पुढची तीस वर्षे तेलाच्या बॅरलांच्या नोंदी ठेवण्यात गेली. दिवसा वंगण मोजून दिले, रात्री कविता लिहिल्या. कवितेबद्दल लोक मला अधूनमधून विचारतात, वंगणाबद्दल कोणी विचारत नाही. म्हणून आज न विचारताच सांगतो.

आपली एक सर्वसाधारण समजूत असते, की जे भरभर फिरते त्याचे तेलपाणी नीट पाहिजे. जे रांगत चालते त्याचे काय, कसेही निभते. शिलाई मशीनला आपण आठवणीने तेल घालतो, पण फाटकाची बिजागरी किरकिरल्याशिवाय तिच्याकडे बघत नाही. यंत्राच्या बाबतीत ही समजूत उलटी आहे. अंगावर भार असेल तर सावकाश फिरणाऱ्या भागाचे वंगण निवडायला आणि ते जागेवर पोचवायला जास्त डोके लागते. का, ते आधी सांगतो.

पावसाळ्यात रस्त्यावर पाणी साचलेले असताना मोटार भरधाव गेली, तर चाके पाण्यावर तरंगतात. ब्रेक दाबला तरी गाडी ऐकत नाही. चाक इतक्या वेगाने पुढे येते, की पाण्याला बाजूला व्हायला सवड मिळत नाही. ते चाकाखाली पाचरीसारखे शिरते आणि चाकाला उचलून धरते. तीच गाडी सावकाश नेली, तर चाक पाणी बाजूला सारते आणि डांबराला टेकते. रस्त्यावर हे टेकणे आपल्याला हवे असते, यंत्रात ते नको असते. फिरणारा दांडा आणि त्याला पेलणारे बेअरिंग यांच्यामध्ये तेल असेच पाचरीसारखे ओढले जाते. दांडा तेलावर तरंगतो आणि धातूला धातू लागत नाही. मात्र त्यासाठी वेग पाहिजे. वेग नसला की तेल बाजूला निसटते आणि दांडा खाली बसतो.

चाक हजारो वर्षांचे, त्याला तेल घालण्याची रीतही तितकीच जुनी. पण तेल आत जाऊन नेमके काय करते, हे कळायला १८८३ साल उजाडले. इंग्लंडमध्ये बीचम टॉवर नावाचा अभियंता रेल्वेच्या डब्याच्या आसाला लागते तशा बेअरिंगवर प्रयोग करत होता. तेल घालण्यासाठी त्याने बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडले, तर तेल आत जाण्याऐवजी बाहेर येऊ लागले. त्याने बूच लावले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही वर ढकलली गेली. शेवटी त्याने दाबमापक बसवला, तर बेअरिंगवरच्या भाराने जेवढा सरासरी दाब यायला हवा त्याच्या दुपटीवर काटा गेला. म्हणजे आतले तेल नुसते ओले करत नव्हते, अख्खा भार उचलत होते. तीन वर्षांनी, १८८६ मध्ये, ऑस्बर्न रेनॉल्ड्सने त्याचे गणित मांडले. पुढे १९०२ मध्ये जर्मनीत रिचर्ड स्ट्रिबेकने वेग आणि भार बदलला की घर्षण कसे बदलते याची मोजमापे प्रसिद्ध केली. गणित मला येत नाही, पण त्याचा मथितार्थ स्टोअरकीपरला पुरेल इतका सोपा आहे. तेलाचा दाटपणा आणि फिरण्याचा वेग या दोघांनी मिळून भार पेलायचा असतो. एक कमी पडला तर दुसऱ्याने ती उणीव भरून काढायची. वेग कमी असेल तर तेल दाट पाहिजे.

आता आमच्या मिलकडे येऊ. ज्यांनी साखर कारखाना आतून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. गव्हाणीत पडलेला ऊस कापून, कुटून एकामागे एक उभ्या असलेल्या चार-पाच मिलमधून जातो. प्रत्येक मिलमध्ये मुख्य रोलर तीन असतात, दोन खाली आणि एक वर. वरच्या रोलरवर हायड्रॉलिक दाब असतो. मोठ्या मिलवर तो दोनशे टनांच्या पुढे जातो. घरातला छताचा पंखा मिनिटाला तीनशेच्या वर फेरे घेतो, विजेची साधी मोटर चौदाशे-साडेचौदाशे. मिलचा रोलर घेतो चार ते पाच. त्याचा बेअरिंगमधला भाग अर्ध्या मीटरच्या आसपास जाड असतो. हिशेब केला तर त्याचा पृष्ठभाग मिनिटाला सहा-सात मीटर सरकतो. आपण रमतगमत चाललो तरी त्याच्या दहापट वेगाने चालतो. शिवाय वरून गरम पाणी आणि रस शिंपडला जातो, आजूबाजूला चोयट्यांचा भुगा उडत असतो आणि हे सगळे हंगामात रात्रंदिवस चार-पाच महिने चालते. वंगणाची परीक्षाच घ्यायची असे कोणी ठरवले, तर याहून वेगळे यंत्र त्याने बनवले नसते.

अशा जागी पाचर तयार होण्याइतका वेग मिळत नाही, मिळाला तर अर्धवट मिळतो. धातूचे उंचवटे एकमेकांना घासतात. त्यांच्यामध्ये उरतो तो तेलाचा पृष्ठभागाला चिकटून राहिलेला अगदी पातळ थर. इथे नुसता दाटपणा पुरत नाही, चिकटून राहण्याचा गुणही लागतो. हा गुण आपल्या गाडीवानांना माहीत होता. माझे अब्बा बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा बसवत. दुरुस्तीला आलेली गाडी परत देताना आसाला ओंगण घालूनच द्यायची, असा त्यांचा नियम होता. ओंगण हा शब्द आता मागे पडला, पण वंगणापेक्षा मला तोच जवळचा वाटतो. गाडीखाली बांबूची नळी टांगलेली असे आणि तिच्यात एरंडेलात भिजवलेली चिंधी असे. शेंगदाण्याचे तेल घरात असताना एरंडेल का, असे मी लहानपणी विचारले होते. अब्बा म्हणाले, ‘‘वो उतर जाता है. ये पकडके रहता है.’’ रसायनशास्त्र त्यांच्याशी सहमत आहे. एरंडेलाच्या रेणूची ठेवणच अशी आहे, की तो धातूला धरून राहतो. पहिल्या महायुद्धातल्या अनेक विमानांच्या इंजिनांतही एरंडेलच घालत. बैलगाडी आणि विमान या दोघांना एकच तेल चालले, ही गोष्ट मला अजून गंमतीची वाटते.

मिलला एरंडेल परवडत नाही आणि पुरतही नाही. तिथे काळे, डांबरी वळणाचे, काकवीसारखे दाट तेल लागते. थंडीत बॅरल उघडले तर त्यातली काठी सरळ उभी राहते. खरी अडचण इथूनच सुरू होते. योग्य तेल निवडले, पण ते बेअरिंगमध्ये पोचवायचे कसे?

कारखान्यात यासाठी ऑइलमन असतो. आमच्याकडच्या ऑइलमनना सगळे मामा म्हणत. हातात लांब चोचीची तेलाची झारी आणि खांद्यावर पुसण्याचे सुती कापड घेऊन ते पाळीभर मिल हाऊसमध्ये फिरत. हाताने तेल घालण्यात एक मोठा गुण आहे. माणूस तेल घालता घालता बघतो, ऐकतो, हात लावतो. मोठा दोष असा, की तेल घातल्या क्षणी बेअरिंगची चंगळ होते आणि तासाभराने उपासमार. सावकाश फिरणाऱ्या भागाला हे सोसत नाही. त्याला थोडे थोडे, पण अखंड लागते.

मग वात का वापरू नये? तेलाच्या भांड्यातून लोकरीची वात बेअरिंगवर सोडायची आणि तिने तेल झिरपत न्यायचे, ही जुनी आणि सुंदर युक्ती आहे. पण दाट तेल वातीवर चढत नाही. समईत तुपाची वात थंडीत कशी अडते, हे घरोघरी माहीत आहे. थेंबाथेंबाने सोडणाऱ्या काचेच्या बाटल्यांचेही तेच. डिसेंबरच्या पहाटे थेंब पडायचा थांबतो आणि दुपारी उन्हाने धार लागते. तिसरी तऱ्हा म्हणजे दांड्यावर सैल कडे सोडायचे. ते फिरता फिरता खालच्या टाकीतले तेल वर आणते. पंपांच्या आणि पंख्यांच्या बेअरिंगला ही रीत फार चांगली. मिनिटाला पाच फेऱ्यांत मात्र ते कडे आळसावलेल्या पाहुण्यासारखे जागीच बसून राहते.

म्हणून मिलसाठी उरतो तो पिस्टनचा लुब्रिकेटर. लोखंडी पेटीत तेल भरलेले असते. आत लहान लहान पिस्टन असतात आणि प्रत्येकातून एक नळी एकेका बेअरिंगला जाते. पिस्टन ठरलेले माप जोराने ढकलतो, त्यामुळे दाट तेलही निमूट जाते. हा लुब्रिकेटर मिललाच जोडलेला असेल तर आणखी चांगले. मिल जितकी फिरेल तितके तेल. मिल थांबली की तेलही थांबले, फुकट वाहून गेले नाही. मला विचाराल तर भार मोठा आणि वेग कमी असेल तिथे हाच पहिला पर्याय. त्याच्या नळ्यांची तोंडे बेअरिंगच्या कोणत्या बाजूला उघडतात, हे मात्र पाहून घ्यावे. दाब जिथे सर्वांत जास्त आहे तिथे भोक पाडले, तर बीचम टॉवरच्या बुचासारखे तेलच परत फिरते. दाब नसलेल्या बाजूने तेल द्यायचे आणि दांड्यालाच ते ओढून नेऊ द्यायचे.

आता एका हंगामाची गोष्ट सांगतो. कारखान्याचे नाव घेत नाही. २००० ते २००१ चा हंगाम. खरेदी करणाऱ्यांनी हिशेब मांडला, की मिलचे तेल सगळ्यांत महाग आणि मिल तर फिरते सगळ्यांत हळू. मग कशाला इतके भारी तेल? पातळ आणि स्वस्त तेल आले. पहिले दोन-तीन आठवडे सगळे खूश होते, कारण ते ओतायला सोपे. मामा खूश नव्हते. त्यांनी एका संध्याकाळी बेअरिंगखालून गळणाऱ्या तेलाचा थेंब अंगठ्यावर घेतला आणि दिव्याखाली धरला. थेंबात बारीक सोनेरी चमक होती. ‘‘हे बघा, सोनं निघायला लागलं,’’ म्हणाले. मिलच्या बेअरिंगला आतून गनमेटलचे ब्रास असतात. ती चमक त्यांचीच होती. मामांनी फोरमनना दाखवले, फोरमननी वर सांगितले. वरून उत्तर आले, की तेल वाढवून घाला. तेल वाढवले. पातळ तेल वाढवले तर ते जास्त निसटते, इतकेच झाले.

त्या वर्षी रमजान नोव्हेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरभर होता. चार ते बाराच्या पाळीत आम्ही तिघे-चौघे रोजा असणारे. सूर्य मावळला, की मामा आम्हाला खजूर खायला पाठवायचे आणि आमच्या जागा स्वतः फिरून बघायचे. माणूस माळकरी, एकादशीला पाणीही जपून पिणारा. तो महिना तसाच गेला. जानेवारीत एका रात्री तिसऱ्या मिलच्या वरच्या रोलरचे बेअरिंग तापले. पाण्याचे पाइप सोडले, दाब कमी केला, गाळप मंद केले. उपयोग झाला नाही. ब्रास दांड्याला धरला. मिल थांबली ती अकरा तास.

अकरा तासांचा अर्थ मिल हाऊसच्या आत कळत नाही, बाहेर अड्ड्यावर कळतो. बैलगाड्या, ट्रॅक्टर, ट्रक यांची रांग रस्त्यापर्यंत गेलेली. बीडकडून आलेली तोडणी कामगारांची कुटुंबे गाड्यांखाली मुले घेऊन झोपलेली. तोडलेला ऊस उभ्या उसासारखा नसतो. तासातासाला त्याचे पाणी उडते, वजन घटते. आतली साखरही मोडत जाते. म्हणजे शेतकऱ्याचे वजन गेले, कारखान्याचा उतारा गेला आणि गाडीवानाची खेप बुडाली. स्वस्त तेलाने जे वाचले होते ते त्या एका रात्रीत किती वेळा गेले, याचा हिशेब कोणी मांडला नाही. चौकशीच्या कागदावर ‘यांत्रिक बिघाड’ असे लिहिले गेले. आठवड्याने जुन्या तेलाची मागणी माझ्या टेबलावर आली, तिच्यावर कारण लिहिलेले नव्हते.

ग्रीसच्या बाबतीत तर गैरसमज आणखी पक्के आहेत. लोक ग्रीस दोन बोटांत दाबून बघतात आणि घट्ट लागले की ‘माल चांगला’ म्हणतात. पण ग्रीस म्हणजे स्पंज आणि त्यात मुरलेले तेल. स्पंज असतो साबणाचा किंवा चिकणमातीसारख्या पदार्थाचा. तो फक्त तेल धरून ठेवतो, काम करते ते तेलच. ग्रीस हाताला घट्ट लागले तरी आतले तेल पातळ असू शकते आणि जड, संथ दांड्याला ते अजिबात चालत नाही. तेव्हा पिंपावरचा घट्टपणाचा आकडा वाचून थांबू नये, आतल्या तेलाचा दाटपणाही विचारावा. उलट लांब नळ्यांमधून दहा-वीस ठिकाणी ग्रीस पोचवायचे असेल तर ग्रीस मऊ घ्यावे आणि त्यातले तेल दाट. नाहीतर ग्रीस नळीतच मुक्काम करते. जिथे पाण्याचा शिडकावा आहे तिथे सोडियमच्या साबणाचे ग्रीस धुऊन जाते, कॅल्शियमचे टिकते. आणि दोन जातींची ग्रीस एकत्र करू नयेत. दोन्ही चांगली असली तरी एकत्र आल्यावर पातळ होऊन वाहून जाऊ शकतात. माणसांमध्ये हे होऊ नये अशी माझी इच्छा असते, ग्रीसमध्ये ते होते.

एका बाबतीत मात्र संथ यंत्राला सूट आहे. वेगाने फिरणाऱ्या मोटरच्या बेअरिंगमध्ये ग्रीस ठासून भरले, तर ते घुसळून तापते. तिथे जागा रिकामी ठेवावी लागते. सावकाश फिरणारे बेअरिंग खुशाल भरून टाकावे. तापण्याइतकी घुसळण होत नाही, उलट भरलेले ग्रीस धूळ आणि पाणी बाहेर अडवते.

काळ्या भुकटीचेही सांगितले पाहिजे. ग्राफाइट किंवा मॉलिब्डेनम डायसल्फाइड. पत्त्यांच्या कॅटसारखे त्यांचे थर एकमेकांवरून घसरतात, म्हणून तेलाने साथ सोडली तरी ते काही काळ भार सांभाळतात. संथ आणि जड कामाला ही भुकटी उपकारक आहे, पण ती तेलाच्या तळाशी बसते आणि बारीक नळ्या व जाळ्या तुंबवते. जिथे ब्रशने लावायचे, म्हणजे उघड्या दातेरी चाकांना, तिथे निर्धास्त वापरावी. गंधकयुक्त तेलांचेही असेच. त्यातली रसायने उष्णतेने जागी होतात आणि पोलादी दात्यांचे रक्षण करतात. संथ भागात तेवढी उष्णता बरेचदा नसतेच. आणि जिथे असते तिथे बेअरिंग तांब्याच्या मिश्रधातूचे असेल, तर काही गंधक त्यालाच खाते. विक्रेता तेलाचे गुण सांगतो, आपले बेअरिंग कशाचे आहे हे आपण त्याला सांगायचे असते.

संथ म्हटले की सगळे एकाच जातीचे, असेही नाही. मनोऱ्यावरच्या घड्याळाची चाके संथ असतात, पण दांड्यांच्या टोकांवर मिलच्या मानाने भार नगण्य. तिथे नेमका थेंब पाहिजे आणि तो पसरता कामा नये. म्हणून दांडीच्या टोकाभोवती बारीक वाटी कोरलेली असते आणि थेंब तिच्यात आपल्याच ताणाने धरून राहतो. दुसरे टोक म्हणजे जे फिरतच नाही म्हटले तरी चालेल, वर्षातून काही वेळाच हलते. उदाहरणार्थ, धरणाचा दरवाजा.

आपल्याकडे कोयनेचे वक्री दरवाजे उचलले, की वर्तमानपत्रात फोटो येतो. असा दरवाजा दोन मोठ्या खिळींवर फिरतो. पाण्याचा सगळा दाब त्या खिळींवर येतो आणि फिरणे इतके थोडे, इतके हळू, की तेलाची पाचर तयार होण्याचा प्रश्नच नाही. महिनोन्‌महिने स्थिर राहिल्याने ग्रीस दाबाच्या जागेतून पिळून निघते आणि तिथे ओल शिरते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फॉल्सम धरणावर १७ जुलै १९९५ रोजी तीन नंबरचा दरवाजा उघडत असताना तो मोडला. सेकंदाला सुमारे ४० हजार घनफूट पाणी सुटले आणि प्रवाह आवरेपर्यंत जलाशयातले जवळजवळ ४० टक्के पाणी निघून गेले. सुदैवाने कोणी दगावले नाही. तपासात आढळले, की वर्षानुवर्षांच्या गंजाने खिळीचे घर्षण वाढत गेले होते, वंगण आणि पावसापाण्यापासूनचे संरक्षण अपुरे पडले होते आणि हे घर्षण दरवाजाच्या मूळ आराखड्यात धरलेलेच नव्हते. दरवाजा उचलताना खिळ फिरेना, तेव्हा तो जोर दरवाजाच्या हातांवर आला आणि आधाराची एक तिरपी पट्टी सुटली. चाळीस वर्षांच्या आतले धरण, रोज ज्यावर कोणाची नजर जात नाही अशा एका खिळीपाशी हरले. अशा जागी अलीकडे वंगण आतच भरलेल्या बुश बसवतात. धातूच्या अंगात ग्राफाइटसारख्या पदार्थाचे ठिपके भरलेले असतात आणि बाहेरून तेल घालावे लागत नाही. ही कल्पनाही नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून आगबोटींच्या पंख्याच्या दांड्याला लिग्नम व्हिटी नावाच्या लाकडाचे बेअरिंग बसवत. त्या लाकडात स्वतःचाच राळेसारखा स्निग्ध अंश असतो. समुद्राचे पाणी आणि तो अंश, एवढ्यावर जहाजे जग फिरली. संस्कृतमध्ये तेलाला आणि मायेला स्नेह हा एकच शब्द आहे, हे इथे सांगायचा मोह मला होतो. कवी असल्याने तेवढे चालवून घ्यावे.

परत मिलकडे येतो, कारण एक गोष्ट राहिली. रोलरच्या टोकांना एकमेकांत अडकलेली मोठी दातेरी चाके असतात. त्यांना काळे, चिकट वंगण फासायचे असते आणि मिल थांबवायला कोणी तयार नसतो. १९४८ च्या कारखाना कायद्यात यासाठी बाविसावे कलम होते. चालू यंत्राजवळ वंगणाचे काम फक्त खास शिकवलेल्या प्रौढ पुरुष कामगाराने, अंगासरशी बसणारे कपडे घालून करायचे. ते कपडे मालकाने पुरवायचे आणि त्या कामगाराचे नाव नोंदवहीत असायचे. नोंदवही असते. कपडे मी क्वचितच पाहिले. सदऱ्याची सैल बाही आणि खांद्यावरचे पंचासारखे फडके घेऊन माणसे त्या दात्यांपाशी वाकताना मी वर्षानुवर्षे पाहिली आहेत. मिनिटाला पाच फेरे म्हणजे हात काढून घ्यायला भरपूर वेळ आहे असे वाटते. पण अशा चाकाला थांबता येत नाही. त्याच्यामागे दोनशे टनांचा दाब आणि अख्ख्या टर्बाइनचा जोर असतो. फडक्याचे टोक धरले गेले, तर ते सावकाशच ओढत नेते, पण सोडत नाही. म्हणून माझे मत स्पष्ट आहे. उघड्या दात्यांना वंगण देण्याची पद्धत निवडताना तेलाचा खर्च दुसऱ्या क्रमांकावर यावा. ठरावीक वेळाने आपोआप फवारा मारणारे यंत्र बसवावे, दात्यांना बंद पेटी करावी आणि माणसाला जाळीच्या बाहेर ठेवावे. काही कारखान्यांनी आता ही उघडी चाके काढून बंद गिअरबॉक्स आणि स्वतंत्र मोटरी लावल्या आहेत. काहींनी गनमेटलच्या जागी रुळांची बेअरिंगे बसवली आहेत. वीज वाचते, तेल कमी लागते आणि धुण्याच्या पाण्यातून नदीकडे जाणारे काळे तेलही कमी होते.

मग ऑइलमनचे काय, असे आमच्या मिलमधली तरुण मुले विचारतात. यंत्र तेल घालील, तर माणूस कमी होईल, ही भीती खोटी नाही. पण आमच्याकडे लुब्रिकेटरची एक नळी तुंबल्याचे यंत्राने कधी सांगितले नाही. पेटी भरलेली, पिस्टन चालू, सगळे नीट दिसते आणि नळीच्या पलीकडे बेअरिंग कोरडे. आता तापमान दाखवणारे काटे आले, लाल दिवे आले. ते आलेच पाहिजेत. तरी दिवा लागतो तो तापल्यावर, आणि सोनेरी थेंब पडतो तो त्याआधी कित्येक दिवस. तो थेंब बघणाऱ्याला झारीवाला म्हणून ठेवू नका. त्याला तपासनीस करा, वही द्या, आणि त्याच्या नोंदीवर सही करणाऱ्याला जबाबदार धरा. जे मामा अंगठ्यावर वाचत, ते त्यांच्या पाळीच्या वहीत लिहायला रकानाच नव्हता.

मामा निवृत्त झाले तेव्हा त्यांनी नव्या मुलाला एकच काम चार वेळा करून दाखवले. बंद हंगामात मिल सहा-सात महिने उभी असते. वरचे तेल निथळून गेलेले असते आणि रोलर ब्राशीवर कोरडा टेकलेला असतो. पहिला फेरा तसाच दिला, तर हंगामाच्या पहिल्या मिनिटालाच ब्रास ओरखडतो. लुब्रिकेटरला हाताने फिरवायचा दांडा असतो, तो त्यासाठीच. गव्हाणीच्या पूजेला पाहुणे मंडपात जमू लागतात, तेव्हा मिल हाऊसमध्ये ऑइलमनने तो दांडा धरायचा आणि फिरवत राहायचे, प्रत्येक बेअरिंगच्या कडेला तेल दिसेपर्यंत. मोळी टाकायला अध्यक्ष कितीही घाई करोत.